तोंडात खिळे असताना

दि. २ जून

ती. स्व. मावशीस,
टाचणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आमच्या माळ्यावर बोललेलं सगळं खाली दुकानात बाबांना ऐकू जातं. म्हणून जे सांगायचं ते लिहूनच सांगते.

माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी झाली आहे. हिला अक्कल आली तीही आडवी, हा विनोद तू करणार, तो मीच इथे उरकून टाकते. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले की दाढेला वर यायला जागाच नाही, हाडात अडकून ती शेजारच्या दाढेला ढकलते आहे. हिरडी सुजते, कानापर्यंत ठणका लागतो, गोळ्या घेतल्या की बसतो आणि पुन्हा येतो. आता काढायचीच म्हणतात. तीही सरळ उपटून निघणार नाही, कापाकापी आहे. तू दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून उभा जन्म काढलास, तेव्हा मला खरं खरं सांग, काय काय होतं? इतर सगळे 'काही होत नाही' म्हणतात आणि मला तेवढ्यानेच धडकी भरते.

आता दुसरी गोष्ट. बाबांना वाटतं मी दुखतंय म्हणून दाढ काढून घेते आहे. तसं नाही. मला एका मोठ्या प्रवासी बोटीवर काम मिळालं आहे. तिथल्या खोल्या, जेवणघर, बैठकीच्या जागा, सगळीकडच्या खुर्च्या आणि सोफे सतत फाटत असतात. ते दुरुस्त करणाऱ्या कारागिरांत मला घेतलं. बोटीवर दातांचा डॉक्टर नसतो, त्यामुळे तोंडात दुखणं घेऊन चढू देत नाहीत. दाढ काढली, जखम भरली, की महिनाअखेरीस बंदरावर हजर व्हायचं. बाबांना यातलं काहीच ठाऊक नाही.

आमचं दुकान तुला माहीत आहे. दारापासून जिन्यापर्यंत लोकांचे फाटके सोफे, त्यातून अंग चोरून चालायचं. आई होती तेव्हा ती तरी बोलायची. आता बाबा आणि मी समोरासमोर, दोघांची तोंडं बारीक खिळ्यांनी भरलेली. जिभेने एक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाने उचलायचा, ठोकायचा, मग पुढचा. संध्याकाळी तोंडं रिकामी होतात तोवर बोलायची इच्छाच उरलेली नसते. मावशी, मला इथे श्वास पुरत नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

उत्तर लवकर दे. लोभ आहेच, तो त्या दाढेसारखा पक्का रुतलेला राहू दे.

तुझी,
टाचणी

*

दि. ६ जून

चि. टाचणीस,
मावशीचे अ. उ. आ.

तुझा विनोद माझ्या डोक्यात आला होता त्याहून बरा निघाला, त्यामुळे मी गप्प बसते.

आधी भीतीचं उरकू. सुई टोचलेली कळेल. मग ओठ जाड वाटेल, अर्धी जीभ आपली नाहीच असं वाटेल. हिरडीला छेद देतील, वरचं हाड थोडं कोरतील, दाढेचे तुकडे करून एकेक बाहेर काढतील. दुखणार नाही, पण दाब कळेल आणि आवाज येईल. त्या आवाजाला धिप्पाड पुरुष जास्त घाबरतात. एका पहिलवानाचा हात मी सबंध वेळ धरून बसले होते आणि तो मला मनोमन आई म्हणत असावा. काही दुखलंच तर हात वर करायचा, बोलायला जायचं नाही.

टाके घातले की कापडाची घडी चावायला देतील. ती घट्ट दाबून धर, सारखी काढून बघत बसू नकोस. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ. थुंकायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही, नळीने ओढून काही प्यायचं नाही. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच त्या जागेचं झाकण. ते निघालं तर आतलं हाड उघडं पडतं, आणि तो ठणका मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. सूज दोन-तीन दिवस वाढेल आणि मग उतरेल. गाल निळा-पिवळा होईल, आरशात कमी बघ. मऊ आणि कोमट खा. ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिला तर डॉक्टरांना सांग. जबडा आखडतो, तोंड जेमतेम बोटभर उघडतं. त्याला घाबरायचं कारण नाही, हळूहळू सुटतो.

आणि तोंडात खिळे धरायचे नाहीत. तुम्हा बापलेकीची ती सवय बघून माझ्या अंगावर काटा येतो. तुझ्या आईला मी सांगून दमले. तिने हसण्यावारी नेलं.

बोटीचं वाचून मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. दोन्ही लिहिते, कारण दोन्ही खरं आहे. पण बाबांना दाढ काढण्याआधी सांग, नंतर नको. तुला मी लहानपणापासून बघते आहे. नंतर तुझं तोंड उघडणार नाही आणि तुला ते आयतंच कारण मिळेल.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घे. माझ्या आशीर्वादाला मात्र पथ्य नाही, तो कधीही घ्यावा.

तुझी मावशी

*

दि. १३ जून

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

दाढ निघाली. तू लिहिलंस तसंच सगळं झालं, त्यामुळे प्रत्येक वेळी मला आता पुढे काय ते ठाऊक होतं आणि डॉक्टरांपेक्षा मीच पुढे होते. हाड कोरताना तो आवाज डोक्याच्या आतून आला. तुझ्या पहिलवानाची आठवण काढली आणि हसू आलं, तर डॉक्टर म्हणाले हलू नका.

बाबा बाहेर बाकावर बसून होते. दुकान बंद ठेवून. आई गेली त्यानंतर दुकान बंद ठेवल्याचं मला आठवत नाही. घरी आल्यावर त्यांनी बर्फ कुटला, फडक्यात बांधला आणि माझ्या गालाला लावून बसले. हात बदलत होते, पण उठले नाहीत. खाणं त्यांनीच मऊ करून दिलं आणि चमच्याने भरवायला निघाले, तेव्हा मी चमचा हातातून काढून घेतला.

तू विचारणारच, म्हणून लिहिते. आधी सांगितलं नाही. रोज ठरवत होते. सकाळी ते कामाला बसायच्या आत सांगायचं, तर ते तेवढ्यात खिळे तोंडात टाकत. संध्याकाळी सांगायचं, तर ते दमलेले दिसत. शेवटी दवाखान्यात जाताना वाटेत सांगणार होते, तर त्यांनी रस्ता ओलांडताना माझा हात धरला. एवढी घोडी झाले तरी धरला. मग कसं सांगणार?

आज पडून राहायचा कंटाळा आला म्हणून खाली जाऊन बसले. एका बाकड्याची गादी अर्धवट होती. हातोडी हातात घेतली आणि सवयीने मूठभर खिळे तोंडात गेले. डाव्या बाजूला धरले होते, उजवीकडे अजिबात नाही. पण खिळा ओठांवर ओढताना तोंडात काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि खारट चव आली. बाबांचं लक्ष नव्हतं. संध्याकाळपासून उजव्या कानात कुणीतरी पेच पिळतं आहे.

तोंड बोटभरच उघडतं आहे. रागावलीस तरी लोभात काटछाट करू नकोस.

टाचणी

*

दि. १६ जून

चि. टाचणीस,
आशीर्वाद नंतर.

हे पत्र हातात पडेल तसं उठून डॉक्टरांकडे जा. गुठळी निघाली आहे. तो खड्डा धुऊन त्यात औषधाची घडी भरतील, मग तासाभरात तुला माणसात आल्यासारखं वाटेल. गोळ्या गिळून घरी पडून राहू नकोस.

खिळे धरू नकोस असं मी लिहिलं होतं. तुला वाचता येतं अशी माझी समजूत होती.

आता आशीर्वाद.

मावशी

*

दि. १९ जून

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खड्डा धुतला, लवंगेच्या तेलाची घडी भरली आणि खरंच, तुझ्या भाषेत, माणसात आले. पण त्याच्या आदल्या दिवशी जे झालं ते निस्तरणारी घडी कुठल्या डॉक्टरकडे मिळेल मला माहीत नाही.

आमच्या घरची रीत तुला माहीत आहे. तोंडात खिळे असले की बोलता येत नाही, म्हणून फळीवर एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. इतकी वर्षं झाली की आता तोंडं रिकामी असतानाही आम्ही तेच करतो. बाबा जेवताना अजून वाढू का विचारलं तर पाटावर बोट आपटतात.

त्या दुपारी ठणका कानातून डोळ्यात गेला होता. मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाबा वर आले, पायथ्याशी बसले आणि बोलायला लागले. जुन्या थिएटरच्या सगळ्या खुर्च्या नव्याने करायचं काम आलं आहे, म्हणाले. वर्ष-दीड वर्षाचं काम आहे. एकट्याच्या आवाक्यातलं नाही. तू सोबत असलीस तर घेतो, नाहीतर आजच नाही म्हणून सांगतो. असशील ना, असं त्यांनी विचारलं. तेवढ्यात अशी कळ आली की मी मूठ आवळून खाटेच्या कडेवर आपटली. एकदाच.

त्यांनी माझं पांघरूण सारखं केलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिना उतरून गेले. थिएटरवाल्याला शब्द देऊन आले तेव्हा शीळ घालत होते. शीळ बरी घालतात, मला हे माहीतच नव्हतं.

उशाशी कागद आणि पेन्सिल होती, मावशी. तोंड उघडत नव्हतं, पण हात चालत होता. मी पेन्सिल उचलली नाही. शीळ थांबेल म्हणून उचलली नाही.

काल खुर्च्या आल्या. ट्रकमधून येतच राहिल्या. दुकान भरलं, जिन्याच्या पायऱ्या भरल्या, उरलेल्या माझ्या खोलीत रचल्या. खिडकीसमोर थप्पी लागली आहे, त्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागतो. खाटेवरून उतरून दाराशी जायचं तर दोन रांगांमधून तिरकं व्हावं लागतं. सगळ्या खुर्च्यांची तोंडं माझ्याकडे आहेत. बाबा म्हणाले, थोडे दिवस अडचण होईल, मग संपत जातील.

बोटवाल्यांचं पत्र आलं. डॉक्टरांचा दाखला मिळाला की या, म्हणतात. दाखला मिळेल. मीच जाऊ शकेन असं वाटत नाही. तोंड दोन बोटं उघडायला लागलं आहे आणि मला ते उघडूच नये असं वाटतं. बाबा तुझा शब्द मानतात, एवढंच लिहून थांबते.

कृपालोभ जड झाला असेल तरी टाकू नकोस.

टाचणी

*

दि. २२ जून

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

बाबांना मी लिहावं, असं तू म्हणाली नाहीस. पण तुझ्या शेवटच्या ओळीतून ते डोकावत होतं. मी लिहिणार नाही. मी लिहिलं तर ते ऐकतील, तुला जाऊ देतील, आणि तू तिथे दर खुर्चीला खिळा मारताना म्हणशील की मी निघाले नाही, मावशीने मला काढलं. दाढा काढायला दुसरं माणूस लागतं, याला लागत नाही.

तुझे बाबा वाईट नाहीत. तीच तर अडचण आहे. वाईट असते तर तू केव्हाच पळाली असतीस आणि आपण दोघी सुखाने त्यांना नावं ठेवत बसलो असतो. ते बर्फ कुटतात, हात धरतात, शीळ घालतात. अशा माणसाला नाही म्हणायचं म्हणजे जिभेला मणाचं ओझं. मला कळतं. तरी म्हणायचं.

लाकडाच्या चपट्या पट्ट्या मिळतात, त्या दातांमध्ये एकेक वाढवत धरत जा, जबडा मोकळा होईल. तोंड पुरतं उघडेल त्या दिवशी पहिलं वाक्य ते बोल. जेवणाआधी बोल. जेवण झालं की माणूस मऊ होतो आणि उद्यावर ढकलतो.

तू राहिलीस तरी मी माया कमी करणार नाही, हेही सांगून ठेवते. मग राहायचं ते ठरवून राहा, कळ आली म्हणून नको.

मावशी

*

दि. २७ जून

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं.

पट्ट्या वाढवत गेले, काल तोंड नीट उघडलं. आज सकाळी जेवणाआधी खाली गेले. बाबा खुर्च्यांच्या मधे बसले होते, तोंड भरलेलं. मी म्हटलं थांबले तर हे राहून जाईल, म्हणून तसंच बोलायला लागले. बोटीचं सांगितलं. दाढ का काढली ते सांगितलं. त्या दुपारी मी हो म्हटलं नव्हतं, मला कळ आली होती, हे सांगितलं. मला इथे कोंडल्यासारखं होतं हेही तोंडातून गेलं. ते मी वगळणार होते.

ते ठोकत राहिले. एक खिळा, मग दुसरा. तोंडातले संपेपर्यंत मी उभी होते. वाटलं आता बोलतील, तर त्यांनी डब्यात हात घालून पुन्हा मूठ भरली आणि तोंडात टाकली. मावशी, त्या वेळी मला वाटलं की आता मी इथेच म्हातारी होणार.  तेही खिळे संपले. मग ते हातोडी मांडीवर ठेवून बसले आणि बोलले.

म्हणाले, तो ठोका उत्तराचा नव्हता हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आयुष्यभर ठोके ऐकतोय, दुखण्याचा कुठला आणि होकाराचा कुठला हे मला कळणार नाही का, असं म्हणाले. पण कानावर आला होता, हवा होता, म्हणून घेतला. वाटलं, चुकीचा असेल तर ही उद्या येऊन सांगेल. उद्या आली नाहीस, परवा आली नाहीस. मग मलाही तो खरा वाटायला लागला.

मला रडू येईल असं वाटलं होतं. राग आला. एवढे दिवस मी अंधारात खुर्च्यांकडे बघत पडले होते आणि त्यांना माहीत होतं. मी तसं बोलले, मोठ्याने बोलले. आमच्या दुकानात एवढ्या मोठ्याने कुणी बोललेलं नाही. ते ऐकून घेत होते. मग माझाच राग सरला आणि मी म्हटलं की एवढ्या खुर्च्या संपेपर्यंत थांबते, बोटवाल्यांना पुढची तारीख मागते.

त्यावर म्हणाले, खुर्च्या संपत नसतात. मीही असाच थोडे दिवस म्हणून माझ्या वडिलांजवळ बसलो होतो. तू आत्ता निघ.

एवढं बोलून त्यांनी मूठ भरली. मी वर येऊन सामान बांधलं. परवा निघते. बोटीचा पत्ता पाठवीन, तिथे पत्रं उशिरा पोचतात म्हणे, तरी तू लिहीत राहा. तुझ्या लोभाला आता लांबचा प्रवास आहे, त्याची सवय करून घे.

तुझीच,
टाचणी

*

दि. २१ जुलै

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही. आजवर तुमची बहीण, टाचणीची आई, लिहीत असे, नंतर टाचणी. चूकभूल माफ करावी.

टाचणी सुखरूप पोचल्याचं कार्ड आलं. तुम्हालाही आलं असेल. बोटीवर सगळ्या गाद्यांना यंत्राने टाके मारतात, तोंडात खिळे कुणी धरत नाही, असं लिहिलं आहे. चांगलं झालं. मी एक कारागीर ठेवला आहे. काम बरं आहे, पण सारखा बोलतो. त्याला ठोक्यांचं शिकवून पाहिलं, तो हसतो. तिच्या खोलीतल्या खुर्च्या आधी उरकल्या. खिडकी मोकळी केली आहे.

तुम्हाला लिहिण्याचं कारण माझे दात. डावीकडचे दोन आतून चिरले आहेत, खिळ्यांमुळेच, असं डॉक्टर म्हणाले. मुळं हाडात धरून बसली आहेत, कापून काढावी लागतील. बरेच दिवस दुखत होतं, ती असताना बोललो नाही. डॉक्टरांनी विचारलं की घरी सोबत कोण आहे. मी म्हटलं, आहेत. तुम्हाला जमत असेल तर चार दिवस येऊन राहावं. नाही जमलं तर काय काय होतं आणि काय सांभाळायचं, ते तिला लिहिलं होतंत असं ती म्हणाली होती, तसं मलाही लिहून पाठवावं. मी खिळे धरणार नाही.

तिला यातलं काही कळवू नये ही विनंती. कळलं तर ती येईल. आणि ती आली तर तिला दुसऱ्यांदा जा म्हणणं माझ्याच्याने होणार नाही.

आजवर आमच्यावर ठेवलात तसाच लोभ पुढेही ठेवावा, तो आता एकट्यासाठी पुरतो.

आपला,
टाचणीचा बाप